हेड खोलायच्या आधी

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गॅरेजपुढे उभ्या राहणाऱ्या पिकअपही वाढतात. कुणी गंगापूरच्या बाजूने आलेला असतो, कुणी वैजापूरहून, कुणाला रात्रीतून माल घेऊन वाशी गाठायची असते. तक्रारी फिरून फिरून त्याच: गाडी ओढत नाही, धूर मारते, गरम होते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते, ऑइल खाते. यातल्या प्रत्येक तक्रारीचं मूळ काहीशे रुपयांच्या फिल्टरात सापडू शकतं, तसंच फुल इंजिनच्या कामातही. नेमकं कशात आहे हे ठरवायला पाऊण तास लागतो आणि हा लेख त्या पाऊण तासाबद्दल आहे. डिझेलच्या कामात नव्याने उतरलेल्या मुलांसाठी तो लिहिला आहे. ज्यांची स्वतःची पिकअप आहे त्या शेतकऱ्यांनी आणि गाडीमालकांनीही वाचावा, कारण मिस्त्रीने आधी काय तपासायला हवं हे ठाऊक असलेल्या माणसाच्या अंगावर नको ते काम सहसा येत नाही.

आपल्याकडे डिझेल पिकअपच्या तीन पिढ्या एकाच रस्त्यावर धावतात. टाटा २०७ आणि जुन्या बोलेरो पिकअप यांत्रिक पंपाच्या. जुने मिस्त्री त्या पंपाला अजून मायकोच म्हणतात. मायकोचं नाव बदलून बॉश झालं ते २००८ मध्ये. दुसरी पिढी कॉमन रेलची, जिथे पंप फक्त दाब तयार करतो आणि कोणत्या इंजेक्टरने कधी, किती डिझेल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतं. तिसरी १ एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ ची. तिच्यात धुराच्या नळीतच धूर गाळायची व्यवस्था आली. पिढी कोणतीही असो, मूळ काम एकच आहे. पिस्टन हवेला साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा इतकी तापते की तिच्यात बारीक फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. स्पार्क प्लग नाही, ठिणगी नाही. म्हणून डिझेल इंजिनला लागतं ते एवढंच: भरपूर स्वच्छ हवा, ती नीट दाबली जाईल असं आतलं अंग, आणि योग्य वेळी योग्य मापाचं डिझेल. तक्रार आली की या तिन्हींपैकी काय कमी पडतंय हे शोधायचं. शोधताना स्वस्त आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करायची, हेड हा शेवटचा मुक्काम.

पहिलं हत्यार म्हणजे ड्रायव्हरला विचारलेले प्रश्न. “मिस्त्री, गाडी ओढतच नाही” एवढ्यावर बॉनेट उघडू नका. रिकामी असताना ओढते का? चढाला मरते की सपाट रस्त्यावरही? थंड असताना की गरम झाल्यावर? अचानक झालं की महिनाभरात हळूहळू? डिझेल शेवटी कुठे भरलं, पंपावर की घरच्या कॅनमधून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, याआधी कुणी काय उघडलं होतं? रात्रीत झालेला बिघाड बहुतेक वेळा निसटलेल्या पाइपचा, वायरचा किंवा भेसळीच्या डिझेलचा असतो. हळूहळू आलेली मरगळ चोकअप किंवा झीज दाखवते. गाडी ड्रायव्हर चालवत असेल आणि मालक दुसऱ्या गावी असेल तर ड्रायव्हर बऱ्याच गोष्टी सांगत नाही, कारण गाडी गरम झाली असतानाही चालवली असं म्हणणं त्याच्या नोकरीवर येतं. त्याला आधी चहा द्या, “भाऊ, खरं सांगितलं तर काम लवकर होईल” असं म्हणा आणि मालकापुढे त्याला उघडं पाडू नका. काटा लालमध्ये किती वेळ होता, हे एक खरं उत्तर मिळालं तर तासाभराचं काम वाचतं.

मग गाडी थंड असतानाच डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर गेलं असेल आणि बोटांत चोळल्यावर पातळ लागून डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टरमधून किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी पुढे चालवली तर बेअरिंग जातात. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत आलंय. रेडिएटरचं झाकण गाडी गार असतानाच उघडा. आत कुलंटवर तेलाचा तवंग आहे का बघा. बॅटरीला मल्टिमीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. खाली गेलं तर आधी बॅटरीचा आणि सेल्फचा विचार करा. सेल्फ मारत असतानाच मीटरची एक तार बॅटरीच्या वजा खांबाला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. सेल्फ सावकाश फिरला की हवा नीट दाबली जात नाही, पुरेशी तापत नाही आणि पंपालाही दाब भरता येत नाही. थंडीत सकाळी सुरू न होणाऱ्या कितीतरी गाड्यांवर इंजेक्टरचा खर्च टाकला जातो, आणि दोष एका गंजलेल्या नटात असतो. हीटर प्लगही याच वेळी एकेक करून मीटरने तपासून घ्या.

डिझेलची वाट

टाकीपासून इंजेक्टरपर्यंत डिझेलचे दोन टप्पे आहेत. फिल्टरपर्यंतची वाट कमी दाबाची, पंपाच्या पुढची प्रचंड दाबाची. बहुतेक दोष पहिल्या वाटेवर असतात आणि खर्च मात्र दुसऱ्या वाटेवर केला जातो.

गावाकडे डिझेल कॅनमध्ये, पिंपात साठवायची सवय आहे. मोसमात पंप लांब पडतो, म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण अर्धवट भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारव्याने दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि कापडातून गाळलं तरी ते बरोबर येतंच. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची असते; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. तिथे पाण्याने गंज धरला किंवा बारीक माती पोहोचली की तो इंजेक्टर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिलं पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं उभं ठेवा. पाणी खाली बसतं, वेगळी रेघ दिसते. हे मालकाला दाखवा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा असेल आणि तो लागला असेल तर गाडी त्याच दिवशी थांबवायला सांगा.

टाकीच्या झाकणाची हवा यायची वाट मातीने बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढलं जात नाही. गाडी बंद पडते, थोडं थांबून पुन्हा सुरू होते, परत काही किलोमीटरवर तेच. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला की निदान झालं.

आता एक नेहमी येणारा प्रकार जवळून बघू. कॉमन रेलची पिकअप, मागे कांद्याची भरती. सपाटीला बरी चालते, चढाला लागली की जीव सोडते, इंजिनचा दिवा लागतो. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक. स्कॅनरवर कोड येतो पी ००८७. त्याचा अर्थ: रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. इथे घाईतला मिस्त्री म्हणतो, “पंप गेला.” पण कोड फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे, ते शोधणं आपलं काम. फिल्टर चोंदलेला असेल, ओढीच्या पाइपातून हवा शिरत असेल, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, एखादा इंजेक्टर परतीच्या वाटेने डिझेल सोडत असेल, रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह सैल असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायरच खोटं बोलत असेल. पंपही गेलेला असू शकतो, पण तो या यादीत शेवटी.

तपासायचा क्रम असा. फिल्टर कधी बदलला ते विचारा. उत्तर नीट नसेल तर तो बदला. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडा, गाडी सुरू करा आणि प्रवाह बघा. बुडबुडे दिसले तर टाकीकडे मागे मागे जा. चेसिसला घासून झिजलेला रबरी पाइप, जुना क्लिप, फिल्टरच्या डोक्यावरचं चिरलेलं ओ-रिंग. पाइपातून डिझेल बाहेर गळत नसलं तरी हवा आत शिरू शकते, कारण ही वाट ओढीची आहे. म्हणून कोरडा पाइप बघून समाधान मानू नका. बुडबुडे नसतील तर परतीच्या नळ्या काढून प्रत्येक इंजेक्टरला एकेक सारखी बाटली लावा आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवा. तीन बाटल्यांत थोडं थोडं डिझेल आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, असं दिसलं तर तो इंजेक्टर दाब गिळतोय. या परीक्षेला हजारांची यंत्रं लागत नाहीत, चार बाटल्या आणि थोडी नळी पुरते. एवढं सगळं ठीक निघालं तरच मीटरिंग व्हॉल्व्ह आणि पंपाकडे वळा. व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या जाळीवर चमकणारा धातूचा भुगा दिसला तर मात्र सावध व्हा. पंप आतून झिजला आहे आणि तो भुगा रेल, पाइप, इंजेक्टर सगळीकडे पोहोचला आहे. अशा वेळी नुसता पंप बदलून गाडी दिली तर नवा पंपही आणि इंजेक्टरही जातील. मालकाला पूर्ण खर्च सांगा. परवडत नसेल तर काम थांबवा, अर्धवट काम करू नका.

दाबाच्या वाटेबद्दल एक गोष्ट मनात कोरून ठेवा. यांत्रिक पंपाच्या गाडीत हवा धरली की नोजलचा नट सैल करून सेल्फ मारायची जुनी पद्धत आहे आणि तिथे ती चालते. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करायचं नाही. सुरू व्हायलाच रेलमध्ये साधारण दोनशे बार लागतात, लोडवर हा दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. पिकअपच्या टायरात हवा असते चार-पाच बार. इतक्या दाबाची धार डोळ्यांना न दिसता कातडी भेदून आत शिरते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटं जाऊ द्या. आणि कुणाच्या बोटात धार शिरलीच, तर जखम सुई टोचल्याएवढी दिसते, लगेच दुखतही नाही, तरीही पट्टी बांधून कामाला लागू नका. थेट संभाजीनगर गाठा, घाटी रुग्णालयात किंवा हाताची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी जा, आणि “दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे” हे शब्द डॉक्टरांना सांगा. यात उशीर झाला तर बोट जाऊ शकतं. गॅरेजात नवीन मुलगा कामावर आला की पाना देण्याआधी हे सांगा.

इंजेक्टर काढावाच लागला तर आधी सगळं वरून धुऊन, हवा मारून घ्या. पाइप सुटला त्या क्षणी दोन्ही तोंडांना स्वच्छ टोपणं लावा. हात पुसायच्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट तिथे वापरू नका, त्यांचा धागा आत जातो. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घाला. इंजेक्टर बेंचवर तपासायला संभाजीनगरला किंवा नाशिकला पाठवताना कोणता कितव्या सिलिंडरचा, हे त्यावर लिहा. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरा, नाहीतर नवा माल घालूनही गाडी ठोका देईल, धूर देईल आणि गिऱ्हाईक पार्ट खोटा आहे म्हणेल.

हवेची वाट

मराठवाड्याच्या धुळीत ही वाट डिझेलइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे लक्ष निम्मंही जात नाही. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल तर टर्बो नसतानाही मिनिटाला तीन हजार लिटरच्या वर हवा ओढतं. टर्बो असेल तर अजून जास्त. ती हवा शेताच्या पांदीतून, पुढच्या गाडीच्या मागे उडणाऱ्या फुफाट्यातून येते. एअर फिल्टर टायरवर आपटून झटकायची सवय सगळीकडे आहे. त्याने कागदाला चिरा पडतात आणि सील वाकतं. जवळून जोरात हवा मारली तरी तेच होतं. फिल्टर अंधारात धरून आतून बॅटरीचा उजेड टाका, कुठे ठिपका चमकला तर तो फेकून द्या.

यापेक्षा महत्त्वाची जागा फिल्टरच्या पुढची. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. मातीचा बारीक थर निघाला तर इंजिन धूळ खातंय. पाइपला कुठेतरी चीर आहे, क्लिप सैल आहे किंवा फिल्टर नीट बसत नाही. ही धूळ टर्बोची पाती झिजवते, मग रिंगा आणि लायनर. अशा गाडीचं फुल इंजिन करूनही पाइप तसाच ठेवला तर नवीन रिंगा काही महिन्यांत जातात. इंजिनचं काम करण्याआधी ते इंजिन का गेलं हे लिहून काढा. कारण सापडलं नसेल तर काम सुरू करू नका.

टर्बोच्या पुढे, इंटरकूलरपर्यंतच्या होजवर तेलाचा ओलसर पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तिथून दाबाची हवा निसटते आहे. ओढत नाही, काळा धूर येतो, टर्बोचा आवाज बदलला आहे, अशा तक्रारीत आधी हे बघा. साबणाचं पाणी मारून एकाला ॲक्सिलरेटर द्यायला सांगा, फेस येईल. टर्बो हाताने तपासायचा तर दांडा आडवा किंचित हलणं चालतं, पण पुढे-मागे हललेला बोटाला जाणवू नये आणि पाती घराला घासू नये. टर्बो खरंच गेला असेल तर त्याला तेल पुरवणारी नळी काढून आतून बघा. तिच्यात जळलेल्या तेलाचा कोळसा साचला असेल आणि तीच नळी परत लावली, तर नवा टर्बोही लवकरच जाईल. ड्रायव्हरला सांगायची गोष्ट एवढीच: घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावर दामटल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडल होऊ द्या.

धुराचा रंग आता सरळ वाचता येईल. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, होज, उघडा अडकलेला ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), बिघडलेला इंजेक्टर. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोतून येतं की रिंगांतून, हे ठरवायला टर्बोपुढचा पाइप काढून आत तेल साचलंय का बघा. शिवाय चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. झाकण उडत असेल, तिथून जोरात वाफ मारत असेल, तर रिंगांतून हवा खाली जाते आहे. पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरत असतील तर ते न जळलेलं डिझेल. गाडी थंड आहे, हीटर प्लग काम करत नाहीत किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे चला.

गरम होणारी गाडी

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि हडस पिंपळगावच्या इंटरचेंजवरून आपल्या पिकअप तासन्‌तास एकाच वेगाने धावू लागल्या. जुन्या रस्त्यावर गावोगावी वेग कमी व्हायचा, इंजिनला उसंत मिळायची. आता क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली गाडी एप्रिलच्या दुपारी सलग पळते आणि आजवर झाकलेला रेडिएटरचा दोष उघडा पडतो. आधी बाहेरून बघा. जाळीत कापसाचे तंतू, भुसा, माती बसली असेल तर आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाने पाणी मारा. आतला दोष बहुधा बोअरच्या पाण्याचा असतो. आपलं पाणी जड; ते रेडिएटरमध्ये ओतत गेलं की नळ्यांत क्षार साचतात. तयार कुलंट किंवा कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, याशिवाय काही घालू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकायची प्रथा आपल्याकडे फार पसरली आहे आणि ती चुकीची आहे. काटा खाली राहतो म्हणून ड्रायव्हर खूश होतो, पण इंजिन कायम अर्धवट गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, खप वाढतो, लायनर झिजतो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घाला. भांड्यात पाणी तापवून, त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडतो की नाही हे गॅस शेगडीवरच तपासता येतं. फॅनचा क्लच आणि वॉटर बॉडीही बघा. इंजिन गरम असताना फॅन सहज फिरत असेल तर क्लच सुटला आहे.

गॅस्केट गेलंय का, हे हेड न उघडता कळतं. गार इंजिन सुरू करा. मिनिटभरात वरचा होज दगडासारखा घट्ट झाला, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी-बाटली मिळते. निळ्या द्रवाचा रंग बदलला की शंका राहत नाही. आणि हेड खोलायचा निर्णय घेण्याआधी डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावाच. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, डिझेल इंजिनात २५ ते ३० बार दाब सहज येतो. इंजेक्टरचा पुरवठा बंद करून, सगळे हीटर प्लग काढून, प्रत्येक सिलिंडर सारखेच फेरे फिरवून आकडे वहीत लिहा. शेजारच्या दोन सिलिंडरांत कमी आला तर बहुधा मधलं गॅस्केट. सगळ्यांतच सारखा कमी असेल तर झीज. एकातच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग.

हेड काढलं की लेथवर पाठवण्याआधी सरळ पट्टी आणि फिलरने स्वतः तिरपं, उभं, आडवं मोजा. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने बघा, कारण डिझेल इंजिनांत गॅस्केट अनेकदा वेगवेगळ्या जाडीची येतात आणि त्यांच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं जाडी सांगतात. काढलेल्या गॅस्केटवर दोन खाचा असतील आणि दुकानदाराने एक खाचेची दिली तर ती परत करा. बोल्ट कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळा. जिथे बोल्ट ताणले जाणारे आहेत तिथे नवेच घाला. हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा येतं.

बीएस-६ गाड्यांबद्दल थोडक्यात. डीपीएफ, म्हणजे धुराच्या नळीतला फिल्टर, काजळी साठवतो आणि ती साधारण सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकतो. शेत ते बाजार, बाजार ते शेत अशा छोट्या, सावकाश फेऱ्यांत ते जाळणं पूर्ण होत नाही आणि दिवा लागतो. मालकाला आठवड्यातून एकदा गाडी गरम करून अर्धा तास सलग रस्त्यावर चालवायला सांगा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या कमी राखेच्या प्रकारचंच घाला. डीपीएफ काढून नुसता पाइप लावणं बेकायदा आहे, तसं काम घेऊ नका. आणि या गाडीने कडबा, पऱ्हाटी वाहणाऱ्यांना एक इशारा आवर्जून द्या. काजळी जळत असताना धुराची नळी अतिशय तापते, तेव्हा वाळलेल्या गवतावर, पाचटावर गाडी उभी करू नका.

हिशेबाबद्दल माझं मत ठाम आहे. कामाआधी अंदाज लिहून द्या, त्यात तपासणीची मजुरी वेगळी लावा आणि ती मागायला संकोचू नका; त्या पाऊण तासाला किंमत आहे. आतून नवीन काही निघालं तर पुढे जाण्याआधी मालकाला फोन करा. काढलेले पार्ट पिशवीत बांधून त्याच्या हवाली करा. गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार, मोजलेले आकडे आणि केलेलं काम एका वहीत ठेवा. वर्षभराने तीच गाडी आली की ती वही कुठल्याही स्कॅनरपेक्षा जास्त सांगते. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. गॅरेजात हात तयार झालेल्या मुलांनीही तो करावा, मीटर आणि वायरिंगचा नकाशा तिथे नीट शिकता येतो.

काम झालं की गाडी रिकामी फिरवून देऊ नका. जी तक्रार भरतीत आली ती भरतीतच तपासली जाते. मालकाला माल घेऊन यायला सांगा, स्कॅनर लावून स्वतः शेजारी बसा आणि चढाचा रस्ता धरा. मागितलेला रेल दाब आणि मिळालेला दाब, टर्बोचा दाब, पाण्याचं तापमान हे तीन आकडे चढावर बघा. परत आल्यावर गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाकून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, थेंब पडला का बघा. कोड पुसा, नवा आला नाही ना याची खात्री करा. हेडचं काम केलं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणायची तारीख बिलावरच लिहून द्या. त्या दिवशी कुलंटची पातळी, होजचे क्लिप आणि ऑइल पुन्हा तपासा, त्याचे पैसे लावू नका.